'परवा'चा डायरेक्टर

वर्ध्याला बदली झाली तेव्हा खोली शोधताना मी एक शिस्त लावून घेतली होती. घरमालकाने आडनाव विचारायच्या आत आपणच ते सांगून टाकायचं. नकार यायचाच असेल तर तो उभ्याउभ्या यावा, चहा पिऊन झाल्यावर येऊ नये. सिंदी मेघेतल्या त्या घराच्या पायरीवरही मी "नमस्कार, माझं नाव..." इथपर्यंत पोचले होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "बोलू नका. हालू नका. जराशा खिडकीच्या बाजूनं सरका."

मी सरकले. समोर साठी ओलांडलेला, जरासं पोट सुटलेला एक उंच माणूस डोकं तिरकं करून माझ्याकडे बघत होता. मे महिन्याचं ऊन रस्त्यावरचं डांबर पातळ करत होतं आणि याच्या अंगात खिसेच खिसे असलेलं जाडजूड जाकीट.

"आता हासा," तो म्हणाला.

का कोण जाणे, मी हसले.

"चालते," असं म्हणून त्याने आत वळून बायकोला सांगितलं, "ऐकलं का? खोली देऊन टाक. मॅडमच्या चेहऱ्यावर लाईट चांगली बसते."

आत गेल्यावर टीव्हीच्या कपाटावर बुद्धाची मूर्ती दिसली आणि माझे खांदे आपोआप सैल झाले. पण खरं सांगायचं तर मूर्ती नसती तरी या माणसाने मला खोली दिलीच असती, एवढी खात्री त्या दोन मिनिटांत झाली होती. माझं आडनाव त्यांना कळलं ते पुढे कितीतरी महिन्यांनी, पिक्चरच्या शेवटी सगळ्यांची नावं टाकायची वेळ आली तेव्हा. "अरे वा, आपल्यातल्याच निघाल्या का तुम्ही," एवढंच म्हणाले आणि नाव टाइप करायला लागले.

काकांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. कॅसेटच्या काळापासून आख्ख्या जिल्ह्यातली लग्नं त्यांनी कॅमेऱ्यात भरली होती. बौद्धांची, कुणब्यांची, तेल्यांची, ज्याने बोलावलं त्याची. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात माणसं नव्हतीच, नवरदेवाचे मामा होते, वरमाया होत्या, रुसलेले फुवा, म्हणजे आत्यांचे नवरे, होते. बाजारात माझ्याबरोबर चालताना ते हळूच सांगायचे, "थे पाहा, भाजी घेऊन राह्यली ना, ती करवली. आपल्या बहिणीच्या लग्नात पंगतीतून उठून गेलती." ती करवली आता चांगली नातवंडं असलेली बाई असायची. काकांना बघितलं की मात्र हमखास पदर सावरून, मान जरा तिरपी करून उभी राहायची.

त्यांचं बोलणंही धंद्यातलंच. काकूंशी भांडण झालं आणि आपली बाजू लंगडी पडतेय असं दिसलं की म्हणायचे, "हे कट कर, एडिटिंगमंदी काढून टाकू." काकू पंचायत समितीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यांचं एडिटिंग जास्त कडक. त्या शब्दही कापायच्या नाहीत आणि रागाच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक रोजच, भाजीत मीठही घालायच्या नाहीत. कुणी फार मोठ्या गप्पा मारायला लागलं तर काका म्हणायचे, "लय लाईट खाऊन राह्यला हा." एखादा फारच आवडला तर म्हणायचे, "याले क्लोजअप द्या."

आणि ते इफेक्ट! नवरी गुलाबाच्या फुलातून उमलते, नवरदेवाच्या तळहातावर सूर्य उगवतो, सासू-सासरे दोन हंसांच्या पाठीवर बसून तळ्यातून जातात. त्यांच्या कॉम्प्युटरमधलं हे भांडार बघून मी एकदा म्हटलं, "काका, आता कुणी असं करत नाही हो." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ज्या माणसाले जन्मात कोनी फूल देल्लं नाई, त्याले मी फुलात बसवतो. तुमाले काय त्रास?"

तर अशा या माणसाने पिक्चर काढायचं मनावर घेतलं ते पवनारच्या एका लग्नामुळे. ते लग्न दोनदा झालं.

झालं असं, की एका दुपारी घरचा फोन वाजला तेव्हा काकूंचा मिक्सर चालू होता. पवनारहून कुणीतरी सांगत होतं, परवाच्या लग्नाचं शूटिंग, जरा येऊन जा. काकूंनी निरोप दिला, "पवनारले परवा लग्न हाय, शूटिंगले बोलावलं." काका ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी कॅमेरा, लाईट, वायरींची पिशवी घेऊन पवनारला हजर. मी शनिवारची मोकळी होते म्हणून मजा बघायला बरोबर गेलेली. बघतो तर मांडवाचे बांबू सोडणं चाललंय, नवरीचा मामा बनियनवर ओसरीत घोरतोय, आणि नवरी हळदीच्या हातांनी चहा गाळतेय. लग्न केव्हाच होऊन गेलं होतं. फोन करणाऱ्याचा परवा मागचा होता, काकूंचा परवा पुढचा. दुसऱ्याच कुणी केलेलं शूटिंग कार्ड बिघडल्यामुळे उडालं होतं आणि त्यातून काही वाचवता येतं का, एवढंच त्या बिचाऱ्यांना विचारायचं होतं.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून परतीची बस धरली असती. काका मांडवाकडे बघून ओरडले, "बांबू सोडू नका!"

नवरी लग्नानंतरच्या मांडवपरतणीला जोडीनं माहेरी आलेली होती, म्हणजे नवरदेवही तिथेच होता. काकांनी सगळ्यांना पुन्हा नटायला लावलं. भटजींना कुठे बोलावणार, म्हणून मामाला उठवून मंगलाष्टकं म्हणायला उभं केलं. त्याला दोनच ओळी येत होत्या, तो त्याच घोळून घोळून म्हणत राहिला. मुलीची पाठवणी आली तेव्हा काका बापाला म्हणाले, "रडा जी जरासे." बाप म्हणाला, "पोरगी संध्याकाळी इथंच जेवणार हाय, रडू कायले?" आणि हसत सुटला. त्याच्या मागे नवरी हसली, मग तिची आई, मग सगळं वऱ्हाड. पहिल्या लग्नात म्हणे कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं, कारण पाहुण्यांना भाजी पुरते की नाही याच घोरात घर होतं. त्या घरात अजूनही दुसऱ्याच लग्नाचा व्हिडिओ लावतात.

परतताना बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत बोटांवर दिवस मोजत होते. मग एकदम म्हणाले, "मॅडम, आपल्या भाषेतच गडबड हाय. परवा म्हंजे मांगचा बी अन् पुढचा बी. उद्या कोनी काळात फिरायची मशीन काढली, अन् आपला माणूस तिच्यात बसून 'परवा' म्हनला, त मशीनले कसं समजन?"

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. काळ, वेग, प्रकाश यांवर मुलांना तासन्‌तास पकवते. जन्मभर परवा-परवा करत असूनही ही गंमत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. तरी शिक्षकी खोड जाते कुठे! मी म्हटलं, "काका, पण काळात मागे जाता येत नाही. शास्त्र तसं सांगतं."

"थे आपल्याले शास्त्रानं कायले सांगाव लागते?" ते म्हणाले. "मांगं जायाचंच कोनाले हाय?"

पिक्चर विनोदीच करायचा हे त्यांनी त्याच बसमध्ये ठरवलं आणि त्यामागचं कारणही सांगितलं. ते असं पुढच्या सीटची दांडी धरून, आख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात: "पिच्चरमंदी आपल्या माणसाले दोनच कामासाठी बोलावतेत. एक, मार खायाले. दुसरं, भाषण द्यायले. हासवाले कोनी बोलावत नाई. काऊन? आमाले हासता येत नाई का?" कंडक्टर म्हणाला, "येते जी, येते. खाली बसा."

मशीन म्हणून गच्चीवर गंजत पडलेल्या जुन्या कूलरची लोखंडी बॉडी निवडण्यात आली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात देव नसला तरी चालेल, कूलर पाहिजे. बॉडी एवढी मोठी की बाजूच्या वाळ्याच्या ताट्या काढल्यावर माणूस मांडी घालून आत बसेल. काकांनी तिला चंदेरी रंग दिला, लग्नातल्या लाईटच्या माळा गुंडाळल्या. फक्त पंखा नव्हता. मग घरातल्या चालू कूलरचा पंखा काढून तिकडे बसवला. त्या दिवशी काकू ऑफिसच्या जुन्या मैत्रिणींना भेटून उन्हातून परत आल्या, कूलरसमोर बसल्या, बटण दाबलं, आणि मग घरात जे झालं ते काकांनाही एडिटिंगमध्ये काढता आलं नाही. शेवटी तह असा ठरला की दिवसा पंखा पिक्चरला आणि संध्याकाळपासून काकूंना.

हिरो म्हणजे लग्नातल्या बँडचा मास्तर. मिशा भरघोस, पोट भरघोस, आणि वरातीत लोकांच्या अंगावर न जाता नाचत मागे मागे चालण्याचा मोठा सराव. काका म्हणायचे, काळात मागं जायला याच्याएवढा लायक माणूस जिल्ह्यात नाही. मशीन बनवणारी शास्त्रज्ञ बाई मी. मला एकच वाक्य होतं, "थांबा, बटण दाबू नका!" आणि ते मी सगळ्या पिक्चरभर म्हणते.

गोष्ट साधी. मास्तरच्या पोरीला बघायला पाहुणे येऊन गेलेत आणि परवा कळवतो म्हणालेत. मास्तरला धीर धरवत नाही. तो त्यांचं उत्तर ऐकायला मशीनमध्ये बसतो आणि ओरडतो, "परवा!" मशीन त्याला नेते मागच्या परवात. तिथे पाहुणे नुकतेच येणार आहेत आणि घरात आणखी एक मास्तर तयार होतोय. इस्त्रीचा शर्ट एकच. एक शर्ट ओढत दोन मास्तर भांडतायत, असा तो प्रसंग. घाबरून मास्तर पुन्हा मशीनमध्ये बसतो, पुन्हा 'परवा' म्हणतो, आणखी मागे जातो. असं परवा-परवा करत वैतागून ओरडतो, "अबे, लय मांगं नको नेऊ!" मशीन बिचारी शेवटचं ऐकतच नाही, 'लय मांगं' तेवढं ऐकते. आणि मास्तर कूलरसकट येऊन पडतो धम्मदीक्षेच्या सालात, छप्पन्नात, दीक्षेला निघालेल्या लोकांच्या नागपूरच्या वाटेवर. काळ ओलांडायचा इफेक्ट म्हणून काकांकडे दुसरं काही नव्हतं, त्यामुळे मास्तर प्रत्येक वेळी एका मोठ्या गुलाबी बदामात विरघळून जातो.

हा वाटेवरचा प्रसंग आम्ही रोहण्याच्या बाहेर कच्च्या रस्त्यावर घेतला. रोहणा काकांचं गाव. गावातल्या बाया पांढरी लुगडी नेसून, डोक्यावर गाठोडी घेऊन सकाळपासून चालत होत्या. पिक्चरमध्ये त्यांच्यातली एक बाई थांबते आणि मास्तरला विचारते, "कोन्या गावचा तू, बापू?"

"सिंदी मेघेचा. पन पुढून आलो."

"पुढून म्हंजे नागपूरवरून?"

"नाई माय. आनखी पुढून."

"मंग कसं हाय पुढं?"

मास्तर डोकं खाजवतो. काय काय सांगणार? शेवटी मागे बोट दाखवून म्हणतो, "पुढं हे हाय. कूलर. हवा देते. याच्यात पानी टाका लागते."

"पेटीत पानी टाकता?" बाई विचारते. "कोनाच्या विहिरीचं?"

"विहिरीचं कायले? आपल्या घरच्या नळाचं."

"अन् कोनी काई म्हनत नाई?"

"म्हनते ना. बायको म्हनते, लय पानी सांडवता."

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा त्या बाया गाठोड्यांसकट हसत खाली बसल्या. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते, माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं आणि पाठोपाठ हसूही आलं. दोन्ही एकाच वेळी येण्याचा माझा तो पहिलाच अनुभव. पण काका, जन्मभर लोकांना 'हासा, हासा' म्हणणारा हा माणूस, त्या दिवशी जमदग्नी झाला. "हासू नका! सिरियस व्हा! तुम्ही इतिहासात हा!" मास्तरने हसवायचं, बायांनी गंभीर राहायचं, असा त्यांचा हुकूम. बाया ओठ दाबून, माना खाली घालून चालल्या. ऊन चढेपर्यंत तेच चाललं होतं. एकदाचं त्यांच्या मनासारखं झालं तेव्हा बायांचे चेहरे सरकारी पुतळ्यांसारखे झाले होते.

पिक्चर पहिल्यांदा रोहण्याच्या विहारासमोर, सगळ्या गावाला दाखवायचा, हे काकांच्या मनात पक्कं होतं. त्यासाठी विहार समितीच्या अध्यक्षांची संमती हवी. अध्यक्ष म्हणजे गावातच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी. पांढरे शुभ्र कपडे, कमी बोलणं, गावातल्या निम्म्या नोकरदारांना त्यांनीच अक्षर शिकवलेलं. त्यांनी काकांच्या लॅपटॉपवर सगळा पिक्चर शांतपणे पाहिला. शर्टाच्या भांडणाला तर मिशीतल्या मिशीत हसलेही. वाटेचा प्रसंग आला आणि त्यांचा चेहरा मिटला.

"हा भाग काढा," ते म्हणाले. "बाकीचं खुशाल दाखवा."

"काऊन जी, गुरुजी?"

"त्या वाटेनं आपली माणसं काय काय सोसून गेली, तुम्हाला माहीत आहे. तिथं कूलर? तिथं बायकोचे विनोद? लोक आपल्याला आधीच कमी हसतात का? आता आपणच आपल्या पवित्र गोष्टीवर हसायचं?"

गुरुजींचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या पोरांना ताठ मानेने उभं राहायला शिकवलं, त्याला कुणी आपल्यावर हसेल याची धास्ती असणारच. काकाही उलटून बोलले नाहीत. लॅपटॉप मिटून त्यांनी मांडीवर घेतला. मग म्हणाले, "गुरुजी, तो सीन काढला त मंग उरलं काय? कूलर अन् एक शर्ट. थे त कोनी बी बनवन. मी पिच्चर त्या एका सीनसाठी केला जी. त्या लोकायले पुढून कोनीतरी सांगाले जाव, का बाप्पा, पानी आलं घरात, असं मले लय वर्षांपासून वाटून राह्यलं होतं. रडून सांगता येत होतं. मले हासून सांगाचं होतं."

त्या माणसाच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. गुरुजीही जरा हलले, पण मागे हटले नाहीत. मग दोघांनी मिळून ठरवलं: मोठीमाय सांगेल तसं.

मोठीमाय म्हणजे काकांच्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. त्या वाटेने पोरवयात स्वतः चालत गेलेलं गावात एवढं एकच माणूस उरलं होतं. पाठीत वाकलेली, कानाने जराशी कमी, पण नजर अशी की सुईत दोरा ओवावा. तिने 'ठेव' म्हटलं तर पिक्चर आहे तसा गावाला दाखवायचा. तिने 'काढ' म्हटलं तर तो प्रसंग काढायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "माय काढ म्हनली त मी तो सीन कापून टाकीन. अन् मंग कॅमेरा बी पेटीत ठेवून देईन. लग्नं पुष्कळ झाली." काकूंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. मीठ व्यवस्थित होतं, त्यावरून काकूंनाही काळजी लागलीय हे मला कळलं.

दिवेलागणीच्या वेळी विहारात पांढरी चादर बांधली. मोठीमाय पुढे खुर्चीवर. बाजूला गुरुजी. मागे काकू, मी, बँडमास्तर आणि पिक्चरमधल्या त्या बाया. काका प्रोजेक्टरपाशी उभे, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

शर्टाच्या भांडणाला बाया हसल्या. मोठीमाय हसली नाही. गुलाबी बदाम आला तेव्हा तिने विचारलं, "हे काय होय?" काका म्हणाले, "काळ बदलला, माय." तिने "बरं" म्हटलं.

मग ती वाट आली. पांढरी लुगडी, गाठोडी, खाली घातलेल्या माना. मास्तर कूलरमधून बाहेर पडला. कसं हाय पुढं? घरच्या नळाचं. बायको म्हणते, लय पाणी सांडवता. विहारात कुणीही हसलं नाही. सगळ्यांचे डोळे पडद्यावर नव्हतेच, त्या खुर्चीवर होते.

"बंद कर," मोठीमाय म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. चादरीवर त्या चालणाऱ्या बाया तशाच थबकल्या. काका पुढे आले आणि तिच्या खुर्चीजवळ खाली बसले. "काढून टाकू का, माय?"

ती चादरीकडेच बघत होती. "ह्या बाया अशा काऊन चालून राह्यल्या?"

"म्हंजे?"

"मयतीले गेल्यावानी. कोन मेलं?"

"नाई माय, थे... तो प्रसंगच तसा होता ना. म्हनून मीच सांगतलं त्यायले, हासू नका म्हनून."

"तुले कोनं सांगतलं तसा होता?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "तू होता का तिथं? आमी हासत गेलतो! रडाचं थे गावातच रडून झालतं. त्या रस्त्यानं कायले रडू?"

आणि मग ती सांगायला लागली. तिच्या बाबाकडे एकच बरं धोतर. पवनारला धाम नदीवर थांबले तेव्हा त्याने ते धुतलं, कारण नागपूरला मळकं नेसून जायचं नव्हतं. पण वाळेपर्यंत थांबायला वेळ कोणाला? मग बाबाने एक टोक धरलं, तिच्या चुलत्याने दुसरं, आणि ओलं धोतर डोक्यावर ताणून दोघं चालू लागले. सगळ्या पोरी त्याच्या सावलीत घुसल्या. "अन् बाबा खाली लंगोटावर! वारा आला का धोतर फुगे, अन् दोघं बी धावत सुटत. मांगून बाया ओरडत, पकडा पकडा, बुवा उडून नागपूरले पहिले पोचते! हासू हासू माह्यं पोट दुखे. तसं हासू मी जन्मात पाह्यलं नाई. सारे हासत होते, म्हातारे बी. आपुन कुठं जाऊन राह्यलो, माहीत होतं ना!"

ती हसायला लागली. बोळक्या तोंडाने, खांदे हलवत, खुर्चीचा हात धरून. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"काढू नको," मोठीमाय काकांना म्हणाली. "पन त्यायले हासव. असे नोतो आमी."

काका खाली बसलेलेच होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरची लाईट बघणाऱ्या या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी होती ती टिपायला कुणाच्याही हातात कॅमेरा नव्हता. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्यांना मात्र स्वतःची लाज वाटत होती. "म्या बी," ते गुरुजींना हळूच म्हणाले, "तुमच्यासारखंच समजलो जी. आपल्याच लोकायले हासू नका म्हनलो."

त्याच आठवड्यात तो प्रसंग पुन्हा घेतला. मोठीमाय रस्त्याच्या कडेला बाभळीखाली खुर्ची टाकून बसली होती आणि डायरेक्टर तीच होती. धोतर कोण धरणार असा प्रश्न आला तेव्हा गुरुजी पुढे झाले. "एक टोक मी धरतो. फक्त मला लंगोटावर उभं करू नका म्हणजे झालं." दुसऱ्या टोकाला माणूस कमी पडत होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, जाकीट काढलं, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः जाऊन धोतराचं टोक धरलं. एवढ्या वर्षांत, एवढ्या लग्नांत हा माणूस एकाही चित्रात नव्हता. काकू माझ्या बाजूला उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "पोट आत घ्या म्हना."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोर सतरंज्या कमी पडल्या. बाजूच्या कुणबी घरांतली माणसंही आली होती, पवनारची ती दोनदा लग्न झालेली जोडी लेकरू घेऊन आली होती. पडद्यावर ओलं धोतर वाऱ्याने फुगलं, गुरुजी आणि काका त्याच्या मागे धावत सुटले, खाली पोरी खिदळत पळाल्या. मास्तर बोलला, आणि या वेळी पडद्यावरच्या बाया गाठोड्यांसकट हसत खाली बसल्या. इकडे सगळं मैदान हसत होतं. ज्यांच्या आज्या-पणज्या त्या वाटेने गेल्या ती सगळी माणसं मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता हसत होती. मी त्यांच्यातलीच एक आहे, हे मला कुणी विचारायच्या आत ओरडून सांगावंसं वाटलं.

मोठीमाय शेवटपर्यंत पडद्याकडे बारीक नजरेने बघत होती. दिवे लागले तेव्हा काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

ती म्हणाली, "आता बराबर चालून राह्यले."